उरलेली तेरा वाणं

सकाळी सहाला लॉजच्या नळाला पाणी येई आणि साडेसहाला जाई. तेवढ्या वेळात एक बादली आंघोळीसाठी आणि एक कपड्यांसाठी भरून ठेवावी लागे. पावणेसातला चाळीसगावहून आईचा फोन. सातला खालच्या टपरीवर चहा आणि दोन टोस्ट. सव्वासातला खोलीत परतून मी टेबलावर त्या दिवसाच्या वस्तू मांडत असे आणि एकेक मोजून पिशवीत भरत असे: रेकॉर्डर, त्याचे जास्तीचे सेल, कोरी संमतीपत्रं, दोन पेनं, हातरुमाल. गळ्यातलं ओळखपत्र पर्सच्या आतल्या कप्प्यात जाई. पावणेआठला तालुक्याच्या स्टँडवरून वडापची जीप, आणि दुधाळ्याच्या फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत वीस मिनिटं पायी. संस्थेची पांढरी गाडी मी दुधाळ्यात कधीच नेली नाही.

त्या शुक्रवारची सकाळही तशीच गेली. फक्त आईने विचारलं, "आज काय काम?" आणि मी म्हटलं, "आज हळदीकुंकू आहे. वस्तीतल्या सगळ्या बायकांचं. माझीच कल्पना." आई म्हणाली, "बरं. डोक्याला तेल लाव, फार ऊन असतं तिकडं."

जानेवारीत कसलं ऊन, असं म्हणून मी हसले होते.

मी तेव्हा एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेच्या चौकशी विभागात होते. पूर, भूकंप, युद्ध असेल तिथे संस्था निवारा, धान्य, औषधं पोचवी. आणि ती पोचवणाऱ्यांपैकीच कोणी मदत घेणाऱ्यांशी गैर वागलं, तर ते शोधून काढणं हे माझं काम. आमच्याच माणसांची चौकशी करायची असल्यामुळे कुठल्याही मुक्कामी माझ्या ताटाशेजारी बसायला सहकारी फारसे उत्सुक नसत. त्याची मला सवय होती. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता.

दुधाळं हे वारणेकाठचं गाव. आदल्या पावसाळ्यात पुराने त्याचा खालचा अर्धा भाग नेला होता. चौऱ्याहत्तर कुटुंबं गायरानावर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि संस्था त्यांना पक्की घरं बांधून देणार होती. डिसेंबरात आमच्या तक्रारींच्या फोनवर एका बाईचा आवाज नोंदला गेला. चाळीस सेकंदांचा. "पडताळणीवाला साहेब घरात येतो. काम नसताना येतो. बायकास्नी तरास हाय. एकटीचं न्हाई, लई जणींचं हाय. नाव सांगणार न्हाई." फोन वस्तीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून केलेला होता. तिथून सगळेच फोन करत.

पडताळणीवाला साहेब म्हणजे हर्षद माळवदे. प्रत्येक कुटुंबाचा फॉर्म घरी जाऊन तपासायचा आणि त्यावर सही करायची, हे त्याचं काम. त्याच्या सहीशिवाय नाव यादीत चढत नसे, आणि यादी एक फेब्रुवारीला बंद होणार होती. माझ्या अहवालात त्याच्याविरुद्ध काही निघालं नाही तर ती यादी तोच पुरी करणार, आणि पुढे बांधकामही त्याच्याच ताब्यात जाणार. काही निघालं तर तो त्याच दिवशी बाजूला होणार. चाळीस सेकंदांचा तो आवाज कोणाचाही असो, तिच्या हाती एवढाच अवधी होता.

माळवदेला मी आधी भेटले. चौतिशीचा, स्थापत्याची पदविका घेतलेला, मोजकं बोलणारा. पुराचे तीन दिवस तो इंजिनाच्या होडीवर उभा होता. त्याने काढलेली माणसं वस्तीत मला बोटाने दाखवण्यात आली. पत्र्याने कापल्याची त्याच्या तळहातावरची खूण अजून लाल होती. तक्रार ऐकून तो रागावला नाही, की घाबरला नाही.

"तुमचं कामच आहे मॅडम," तो म्हणाला. "बायकांनाच विचारा. सगळ्यांना विचारा."

सगळ्यांना विचारणं हाच तर प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात एका बाईच्या दारासमोर आमची गाडी वीस मिनिटं उभी राहिली होती. तिने काय सांगितलं, हे मी कोणालाच कळू दिलं नाही. पण सांगितलं तिनेच, हे गाडीने अख्ख्या गावाला कळवलं. त्या बाईला पुढे माहेरी जाऊन राहावं लागलं. तेव्हापासून मी एक नियम धरला होता: एकीला विचारायचं तर सगळ्यांना विचारायचं, तेच प्रश्न, तेवढाच वेळ.

संक्रांत होऊन गेली होती आणि रथसप्तमीपर्यंतचे दिवस हळदीकुंकवाचे. बालवाडीच्या शेडला आत सामानाची एक खोली होती. बायकांनी बाहेर जमायचं, हळदीकुंकू घ्यायचं, तिळगूळ खायचा, आणि वाण घ्यायला एकेकीने आत यायचं. आत मी. स्टीलचा डबा हातात देताना तीन प्रश्न, दोन मिनिटं. कोण काय बोललं ते बाहेर कोणाला कळायचं कारण नाही. वाण काय सगळ्याच घेतात.

राजमती चौगुले ही आमची त्या वस्तीवरची कार्यकर्ती, शेजारच्याच गावची. तिला मी बेत सांगितला तेव्हा ती डोळे मोठे करून म्हणाली, "मॅडम, लई डोकं लावलासा." माळवदेनेसुद्धा सतरंज्या पाठवल्या. छान कल्पना आहे, म्हणाला.

राजमती आदल्या दिवशी कुंकवाचा करंडा घेऊन रीतसर आमंत्रणाला हिंडली. चौऱ्याहत्तर शेड, म्हणून मी चौऱ्याहत्तर डबे आणवले: आत साबण, कंगवा, पंचा.

एकसष्ट बायका आल्या. जरीकाठी नेसून, पुरातून वाचवलेलं एखादं मणी-डोरलं घालून आल्या, आणि पत्र्याच्या त्या शेडमध्ये दुपारभर हसणं भरून राहिलं. आत येऊन त्या नीट बोलल्या. नळाला पाणी करंगळीएवढं येतं. पत्रा तापतो. संडासाच्या दाराला कडी नाही, ही तक्रार बारा जणींनी केली आणि ती मी ठळक लिहिली. साहेबाबद्दल विचारलं की बहुतेक जणी म्हणत, चांगला हाय. एक जाडजूड बाई डबा काखेत मारत म्हणाली, "माळवदे साहेब व्हय? आमच्या मालकापरास बरं. एकदा आलं, सही केलं, गेलं. आमचं मालक उठतच न्हाईत." आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसली.

सगळ्यांचं असंच. एकदा आला, अंगणात खुर्चीवर बसला, चहा नको म्हणाला, सही करून गेला.

पाच वाजता राजमती आत आली. "एकसष्ट झाल्या मॅडम. बाकीच्या न्हाईत येणार." मी मान हलवली. हजेरीच्या कागदावर "गैरहजर: १३" असं लिहिलं. शेजारी कारणाचा रकाना होता. ऊसतोडीचा हंगाम चालू होता, म्हणून मी त्यात लिहिलं: "ऊसतोडीला." तसं मला कोणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी अहवाल गेला. तक्रारीत तथ्य आढळले नाही. दिल्लीचे माझे वरिष्ठ कुरियन यांचा मंगळवारी फोन आला. अहवालापेक्षाही ते पद्धतीवर खूश होते. स्थानिक चालीरीतीचा इतका सुंदर उपयोग त्यांनी पाहिला नव्हता. मार्चमध्ये बँकॉकला चौकशी अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण होतं, तिथे मी ही पद्धत मांडावी असं त्यांनी ठरवून टाकलं. माझा करार मार्चअखेर संपत होता. तोही आता कायम होईल, असं त्यांनी सुचवलं. माझं वय तेव्हा अडतीस होतं आणि नोकरीत कायम हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

बुधवारी आवराआवर करायला मी दुधाळ्याला गेले. तेरा डबे शिल्लक होते. एक पिशवीत टाकून मी वस्तीच्या तोंडाशी आले. तिथे आनसाक्का मगदूम भाजक्या शेंगा विकत बसे. सत्तरीची, एका डोळ्याने अधू, तोंडाने फटकळ. तीन आठवडे मी रोज तिच्याकडून शेंगा घेत होते. जाताना तिला काहीतरी द्यावं म्हणून मी डबा पुढे केला.

"काय हाय?"

"परवाचं वाण. तुमचं राहिलं होतं."

तिने डबा हातात घेतला नाही. शेंगांवरचं फडकं सारखं केलं.

"मला कुठलं वाण, पोरी? मालक जाऊन तीस वर्सं झाली."

तिला त्याचं काही वाटलेलं नव्हतं. ती साधी वस्तुस्थिती सांगत होती.

"त्या दिशी मी हितंच बसले हुते," ती पुढे म्हणाली. "तू माझ्याम्होरनंच गेलीस. नटूनथटून सगळ्या गेल्या. आमी तेरा जणी घरात."

"तेरा?"

"मोज की. मी, सुताराची रंजना, भोईवाड्यातल्या दोघी..." तिने बोटांवर नावं घेतली. चार नावं पुरात माणूस गेलेल्यांची होती. दोघींना नवऱ्याने टाकलं होतं. त्यांनाही वस्ती याच हिशोबात धरत होती. "समद्यांस्नी इचारलं म्हनं तू. साहेबाचं."

"विचारलं."

"ज्या आल्या त्यांच्या घरात पुरुषमाणूस हाय. त्यांच्या दारात कोन कशाला थांबंल?"

एवढं बोलून तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाला माप भरून दिलं.

मी बालवाडीत परत गेले आणि माळवदेच्या पडताळणीची वही उघडली. ती माझ्याकडे तीन आठवडे होती. प्रत्येक भेटीची तारीख त्याने स्वतःच्या नेटक्या अक्षरात लिहिलेली होती. लपवलं काहीच नव्हतं. मी ती वही तारखांच्या क्रमाने वाचली होती, घरांच्या क्रमाने नाही. आता घरांच्या क्रमाने उतरवून काढली. एकसष्ट घरी एकेक भेट, फार तर दोन. तेरांपैकी आठ घरीही एकेकच. उरलेल्या पाच घरी चार, पाच, चार, सहा, चार. शेरा प्रत्येक वेळी तोच: "कागदपत्रे अपूर्ण." वेळ बहुतेक दुपारची.

राजमती भिंतीवरची हळदीकुंकवाची सजावट उतरवून ठेवत होती. मी तिला विचारलं, तेरा जणींना आमंत्रण दिलं नव्हतंस का.

तिला प्रश्नच कळेना. "त्यास्नी कसं देणार मॅडम? करंडा घेऊन त्यांच्या दारात गेले तर त्यांनाच वाईट वाटणार. म्हणून तर मी तुम्हास्नी म्हटलं, बाकीच्या येणार न्हाईत." मग माझ्याकडे पाहून ती घुटमळली. "तुमच्याकडं येतात व्हय हळदीकुंकवाला?"

आमच्याकडे येत नाहीत. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. चाळीसगावला आमच्या गल्लीत जानेवारीत रोज कोणाकडे तरी हळदीकुंकू असे. शेजारच्या वैनी आमच्या दारापर्यंत येत, मला हाताला धरून नेत, आणि आई मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसे. मी दोन्ही मुठींत तिळाच्या वड्या घेऊन परत येई. त्यातली एक आईला देई. आई वडी घेई आणि डब्यात टाकून ठेवी. इतकी वर्षं मी हे पाहिलं होतं, आणि शुक्रवारी सकाळी तिलाच फोनवर सांगितलं होतं: सगळ्या बायकांचं हळदीकुंकू, माझीच कल्पना.

राजमतीला बोलण्यात अर्थ नव्हता. ती पंचवीस वर्षांची होती आणि तिने मला चौकशीतली जाणकार मानलं होतं.

त्याच दुपारी कुरियनना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचं म्हणणं असं की अहवाल मागे घेण्याची घाई नको. एप्रिलमध्ये पुरवणी भेट ठेवता येईल. मी यादीची तारीख सांगितली. मग ते म्हणाले, ठीक आहे, या तेरा जणींशी बोल, आणि काही निघालंच तर नवी माहिती हाती आली असं लिही. पद्धतीबद्दल काही लिहायची गरज नाही. नवी माहिती केव्हाही येऊ शकते, त्यात कोणाचा दोष नसतो.

ते मला सोयीचं वाटलं, हे मी कबूल करते. गुरुवारी सकाळी बादली भरताना, चहा पिताना, संमतीपत्रं मोजताना माझ्या मनात अहवालाचं पहिलं वाक्य तयार होत होतं: "दरम्यान नवी माहिती प्राप्त झाल्याने."

तेराच शेडमध्ये गेले असते तर वस्तीला लगेच कळलं असतं. म्हणून पहिल्या शेडपासून सुरुवात केली. चौऱ्याहत्तर दारं, ओळीने, पायी, प्रत्येक दारात दहा मिनिटं, घड्याळ लावून. कारण सांगितलं संडासाच्या कड्यांचं. ते खोटं नव्हतं, मी त्यांची यादी खरोखरच केली आणि पुढे कड्या बसल्याही. परवाची ती जाडजूड बाई मला पाहून म्हणाली, "परत आलासा? डबा परत न्यायला न्हाई ना?" नवरा खाटेवर झोपलेला होता. मी तिथेही दहा मिनिटं पुरी केली.

रंजना सुतार अडतिसाव्या शेडमध्ये राहत होती. बत्तिशीची. नवरा पुरात, जनावरं सोडायला गेला तो आला नाही. मुलगी शाळेत गेलेली. शेडमध्ये पत्र्याची पेटी, चूल, आणि नवऱ्याचं करवत-रंध्याचं सामान गोणपाटात बांधून कोपऱ्यात ठेवलेलं. तिने मला बसायला पाट दिला आणि स्वतः दाराच्या चौकटीत, अर्धी बाहेर, अशी बसली. तशी का बसली ते मला नंतर कळलं.

मी ओळखपत्र काढून पुढे ठेवलं आणि कड्यांचं काही न बोलता सरळ सांगितलं की मी कोण आहे.

"ठावं हाय," ती म्हणाली. "फोन मीच केलता."

आवाज तोच होता. मी तीन आठवडे तो ऐकत होते.

"तुम्ही आलासा कळल्यावर बरं वाटलं. मग राजमती करंडा घेऊन बाजूच्या घरात गेली. माझ्या दारावरनं पुढं गेली. मी आतनं बघत हुते." ती नजर न उचलता बोलत होती. "मला वाटलं, मॅडमला कळलं न्हाई, का कळून केलं."

"कळलं नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला तिला थोडा वेळ लागला. मग तिने सांगितलं. सगळं इथे लिहीत नाही. ते तिचं आहे आणि ज्या कागदावर जायला हवं होतं तिथे गेलं. पहिल्या भेटीला तो अंगणात बसला. दुसऱ्या वेळी आतून फोटो काढायचे म्हणाला, उजेड जास्त आहे, दार लोटून घ्या. सहा वेळा फॉर्म अपुरा निघाला. तिसऱ्या भेटीपासून तो आला की ती दाराच्या चौकटीत बसायची, म्हणजे दार लावता येत नाही. तेव्हापासून तो म्हणत होता, असंच बसायचं असेल तर यादीत नाव बसणं अवघड आहे. उरलेल्या चौघींपैकी एक चौकटीत बसली नव्हती. तिला दोन लहान मुलं होती.

रेकॉर्डर चालू होता. तिने तो चालू ठेवायला परवानगी दिली होती. सांगून झाल्यावर ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आता हे लिवणार तुम्ही. पर ते म्हणणार, शुक्रवारी समद्या बायकास्नी इचारलं, तवा ह्या का बोलल्या न्हाईत? एकदम आजच कशा उठल्या? कुणी शिकवलं?"

रात्रभर माझ्या लक्षात न आलेली गोष्ट तिने एका वाक्यात सांगितली. नवी माहिती. माळवदेने नेमकं तेच विचारलं असतं, आणि शांतपणे विचारलं असतं; वर म्हणाला असता, सतरंज्यासुद्धा मीच पाठवल्या होत्या. माझ्या पहिल्या अहवालात छापलेलं होतं: सर्व महिलांना बोलण्याची संधी देण्यात आली. माझ्या सहीनिशी. ते वाक्य उभं होतं तोवर या पाच जणी संधी मिळूनही गप्प बसलेल्या ठरत होत्या.

"तेव्हा तुम्हाला बोलावलंच नव्हतं," मी म्हटलं.

"ते कोन लिवणार?"

"मी लिहीन."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमच्यावर येईल की."

"येऊ दे."

"नोकरीवर?"

"ते त्यांचं ते बघतील."

ती उठली. चुलीवरचं चहाचं पातेलं उतरवून तिने दोन कप भरले. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. चहा घेतल्याशिवाय उठणं मात्र मला जमलं नाही. निघाले तेव्हा अर्धा तास झाला होता. तिचंच दार वेगळं दिसू नये म्हणून मी पुढच्या दारातही अर्धा तास बसले, आणि त्याच्या पुढच्याही. संध्याकाळपर्यंत वस्तीत बोलणं सुरू झालं होतं की संडासाच्या कड्यांसाठी मॅडम फारच चौकशी करतात.

शुक्रवारी दुपारी एकला चौऱ्याहत्तरावं दार झालं. पाचांपैकी चौघी बोलल्या. पाचवी, दोन मुलांची आई, बोलली नाही. तिच्यावतीने मी काही लिहिलं नाही; वहीतल्या चार तारखा तेवढ्या लिहिल्या.

तालुक्याच्या स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान होतं. मालक दुपारचा डबा खात होता. त्याने मला टेबलाची एक बाजू रिकामी करून दिली. लॅपटॉप उघडून मी नवा अहवाल लिहायला बसले. पहिलं वाक्य मनात तयार होतं, ते लिहिलं नाही. लिहिलं ते असं: "दिनांक वीस जानेवारीचा माझा अहवाल मी मागे घेत आहे, कारण चौकशीची पद्धत मी चुकीची निवडली." मग काय चुकलं ते लिहिलं. हळदीकुंकू म्हणजे काय, त्याला कोण येतं, कोण येत नाही. दिल्लीत आणि त्यापलीकडे बसलेल्या, हे कधी न पाहिलेल्या माणसाला समजेल अशा रीतीने. तक्रार ज्यांच्याबद्दल असण्याची सर्वांत जास्त शक्यता होती, नेमक्या त्याच बायका माझ्या पद्धतीने बाहेर ठेवल्या गेल्या. कार्यकर्तीने मला कळवलं होतं. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. ही रीत मी लहानपणापासून घरात पाहिलेली आहे, हेही लिहिलं. ते वाक्य एकदा खोडलं आणि परत लिहिलं.

त्याखाली चौघींचं म्हणणं, वहीतल्या तारखा, आणि एक शिफारस: यादीवरच्या माळवदेच्या सह्या आजपासून थांबवाव्यात, अपूर्ण ठरवलेल्या पाचही फॉर्मांची पडताळणी दुसऱ्या माणसाने, महिला कार्यकर्तीसोबत, दार उघडं ठेवून करावी. बँकॉकच्या प्रशिक्षणातून माझं नाव कमी करावं, हे एका वेगळ्या ओळीत.

आता फक्त हजेरीचा कागद जोडायचा राहिला. तो मूळ कागद माझ्या पिशवीत होता: एकसष्ट सह्या आणि अंगठे, अंगठ्यांना कुंकवाचे बारीक लाल डाग. तळाशी माझं अक्षर. गैरहजर: १३. कारण: ऊसतोडीला.

मी पेन काढलं. चौकशीच्या कागदावर खाडाखोड करायची असेल तर मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे, असा आमचा नियम आहे. म्हणून "गैरहजर" या शब्दावर एकच सरळ रेघ मारली, "ऊसतोडीला" यावरही. वर लिहिलं: "बोलावल्या नाहीत." शेजारी तारीख घातली आणि पूर्ण नाव लिहून सही केली: कल्याणी वसंत देवरे.

दुकानदाराने हात धुतले, कागद यंत्रावर उलटा ठेवला आणि विचारलं, "किती प्रती?"

"एकच," मी म्हटलं. "पण स्कॅन करून द्या. नीट वाचता येईल असं."